बाबांचा आवाज आणि तीन पंख्यांचं कार्ड

खोकं एवढं मोठं होतं, की दारातून आधी खोकं आत आलं आणि त्याच्यामागून, बऱ्याच वेळाने, वहिनींचे यजमान.

"तीन पंखे आहेत!" त्यांनी धापा टाकत जाहीर केलं. "दुसऱ्या कंपनीच्याला दोनच होते."

वहिनींना क्षणभर वाटलं, चला, उकाड्याची सोय झाली. पण हे पंखे माणसांसाठी नव्हते. ते एका ग्राफिक्स कार्डाचे होते, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचा एक जाडजूड पत्रा, जो अवघड गणितं भराभर करतो आणि ती करताना तापतो. वहिनींच्या यजमानांचं याच्या उलट होतं. ते आधी तापायचे.

यजमानांना अख्खी इमारत 'नकाशे' म्हणायची. हे आडनाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढत, आणि ते काम इतकं मन लावून करत, की घरात भाजीची पिशवी कुठे ठेवली हे सांगतानाही हवेत उत्तर दिशेचा बाण काढत. त्यांच्या वडिलांना, म्हणजे बाबांना, या कामाचं कौतुक शून्य होतं. "रेघा मारतो," एवढंच ते म्हणायचे.

म्हणायचे, असं म्हणायचं कारण आता त्यांना म्हणता येत नव्हतं. बाबांचा जन्म शहरातल्या मोठ्या बस स्थानकावर घोषणा करण्यात गेला. त्यांनी नुसतं "प्रवाशांनी" म्हटलं, की फलाटावरची झोपलेली माणसं बॅगा उचलून उभी राहायची. मग घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. ओठ हलायचे, फुस्स असा वारा यायचा, आणि त्या वाऱ्यातले शब्द घरात एकट्या वहिनींना कळायचे, कारण इस्पितळात उशाशी त्या बसल्या होत्या. डॉक्टरांनी सुचवलं, लिहून दाखवा. बाबांनी मान फिरवली. वहिनींनी त्या वाऱ्याचा अर्थ सांगितला, "बाबा म्हणतात, मी बोलणारा माणूस आहे, चिठ्ठ्या देणारा नाही."

हे भाषांतर अचूक होतं. सगळीच तशी नसायची.

आताचंच घ्या. तीन पंखे बघून बाबा फुसफुसले, "गाढवाने पंखे मोजून वस्तू आणली."

"काय म्हणतायत?" नकाशेंनी आशेने विचारलं.

"म्हणतायत, तीन पंखे म्हणजे निवड चांगली केलीस," वहिनी म्हणाल्या.

बाबांनी काठी आपटली. नकाशे उजळले. "बघ! कधी नव्हे ते!" असं म्हणत ते खोकं फोडायला बसले, आणि वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. शस्त्रक्रियेपासून हे असंच चाललं होतं. बापलेकात पूर्वी रोज खटके उडायचे. आता घर शांत होतं. त्या शांततेचा सगळा कारभार वहिनींच्या जिभेवर होता, आणि कारभार खोटा असला तरी चोख होता.

म्हणूनच हे नवं खूळ त्यांना आवडतही होतं आणि त्याची धास्तीही वाटत होती. नकाशेंना इंटरनेटवर एक फुकट प्रोग्राम सापडला होता. त्याला माणसाचा जुना आवाज ऐकवायचा. तो ऐकून ऐकून शिकायचा. मग आपण टाइप करू ते त्याच आवाजात बोलून दाखवायचा. बाबांना आवाज परत मिळणार होता. याहून चांगलं काय असू शकतं? पण बाबांना आवाज मिळाला, की वहिनींनी आजवर पुरवलेलं कौतुक कुठून आलं, हेही त्याच आवाजात सगळ्यांना ऐकू येणार होतं.

कार्ड बसलं. तीन पंखे गरगरले. विमान सुटतंय असा आवाज झाला. नकाशेंनी प्रोग्राम सुरू केला, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: कार्ड सापडले नाही.

"सापडलं नाही?" नकाशे ओरडले. "समोर बसलंय की! घोंघावतंय! टेबल हलतंय त्याने!"

समोरच्या काकू टेबल हलण्याचा आवाज ऐकून आल्याच. काकूंचे जावई कॉम्प्युटरमध्ये होते. नेमके कुठे, ते कोणी विचारलं नव्हतं. पुढे कळलं, की ते प्रिंटरची शाई विकत. पण तोवर त्यांचा सल्ला घेऊन झाला होता. फोनवरून जावई म्हणाले, बंद करून चालू करा. केलं. पुन्हा करा म्हणाले. पुन्हा केलं. मग ते म्हणाले, "आता तुमचं नशीब," आणि फोन ठेवला. काकू मात्र रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. पंख्यांतून गरम वारा येतो हे त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे मोजे वाळायला नकाशेंच्या टेबलावर येऊ लागले.

खरी गोम हळूहळू कळली. प्रोग्राम फुकट होता, पण लिहिताना तो एकाच बड्या कंपनीच्या कार्डाला समजेल असा लिहिलेला होता. नकाशेंनी आणलेलं कार्ड प्रतिस्पर्धी कंपनीचं. गणितं दोघांनाही सारखीच येत. पण बड्या कंपनीच्या हुकुमांची भाषा तिच्या एकटीच्या मालकीची होती. म्हणजे लग्नाचं आमंत्रण सगळ्या गावाला, पण येताना सदरा मात्र अमुकच दुकानातला घालून या, तसं.

"मग परत करून टाका ना ते," वहिनी म्हणाल्या.

"परत?" नकाशेंच्या आवाजात जखम होती. "बाबा स्वतः म्हणाले, निवड चांगली केलीस. आणि मी परत करू?"

आपलंच भाषांतर असं दारात येऊन उभं राहील, हे वहिनींना वाटलं नव्हतं.

नकाशे मग शोधायला लागले, आणि त्यांना पूल सापडला. जगभरातल्या काही रिकामटेकड्या, किंवा थोर (हे आपण कोणत्या बाजूला बसलोय यावर अवलंबून) माणसांनी स्वतःचा वेळ घालून एक दुभाष्या प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. तो मधे बसायचा. इकडच्या प्रोग्रामला सांगायचा, "हो हो, मी बड्या कंपनीचंच कार्ड आहे." तिकडे वळून खऱ्या कार्डाला त्याच्या भाषेत समजवायचा, "बाबा रे, एवढं गणित कर, आणि तू कोण आहेस ते बोलू नकोस."

"म्हणजे दोन्हीकडे थोडं खोटं बोलून काम करून घ्यायचं," वहिनी म्हणाल्या.

"खोटं नाही गं. तंत्र आहे ते."

"मी कुठे नावं ठेवतेय?" वहिनी म्हणाल्या. त्या दुभाष्याबद्दल त्यांना एकदम माया वाटू लागली.

ही गोष्ट वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या कानावर गेली. वकिलांकडे अशिलं फारशी नव्हती, पण मनाई या विषयावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. त्यांनी बड्या कंपनीच्या अटी मागवून घेतल्या आणि चष्मा पुसून पुसून वाचल्या. मग ते जिना उतरून आले, आणि न्यायालयात उभे राहिल्यासारखे हॉलमध्ये उभे राहिले.

"नकाशे, यात स्पष्ट मनाई आहे. मधे बसून भाषांतर करण्यास."

वहिनींच्या हातातला कप बशीवर वाजला.

"पण मी त्या कंपनीचं काहीच घेतलेलं नाही," नकाशे म्हणाले. "उलट कार्ड दुसऱ्याचं घेतलंय. भांडण कसलं?"

"तोच तर गुन्हा असावा," वकील गंभीरपणे म्हणाले. "लागतो की नाही, ते मला आणखी चहा घेतल्याशिवाय सांगता येणार नाही."

चहा झाला. निकाल राखून ठेवण्यात आला.

इकडे त्या पुलाचं काय झालं, तर ज्याने तो बांधला होता त्याला कुठूनशी नोटीस आली आणि त्याने एका सकाळी सगळाच पूल काढून घेतला. नकाशे रडकुंडीला आले. पण खुल्या कामाची गंमत अशी, की त्याच्या प्रती आधीच घरोघरी पोचलेल्या असतात. दुपारपर्यंत दुसऱ्या कोणी तो पुन्हा उभारला. मग पुलाला नाव काय द्यायचं यावरून उभारणाऱ्यांत भांडण झालं आणि दोन पूल झाले. मग भांडणाची भाषा सभ्य असावी की नाही यावरून भांडण झालं आणि तीन झाले. यातल्या एकाहीवरून मुंगीसुद्धा पलीकडे जात नव्हती, पण तिन्हींवर सूचनाफलक उत्तम होते.

नकाशेंनी त्यातला एक निवडला, कारण तो चालवणाऱ्याने आपल्या चेहऱ्याऐवजी कासवाचं चित्र लावलं होतं. त्यांना ते सरकारी वाटलं. कासवाला त्यांनी रीतसर पत्र लिहिलं. वर विषय, खाली संदर्भ, मधे "आपल्या कृपेने" वगैरे. सोबत आपल्या कॉम्प्युटरचा नकाशा जोडला. कुठली तार कुठून कुठे जाते, प्रोग्राम कुठून शिरतो, पूल कुठे लागतो, कार्ड कुठे बसलंय. सगळं प्रमाणात, बाणांसह. कोपऱ्यात उत्तर दिशाही दाखवली.

"कॉम्प्युटरला उत्तर दिशा कशाला?" वहिनींनी विचारलं.

"नकाशाला लागते," नकाशे म्हणाले.

बाबा खुर्चीतून फुसफुसले, "रेघा मारतोय."

"बाबा म्हणतात, हात काय सफाईदार आहे!"

काठी आपटली.

आणि नवल असं, की कासवाचं उत्तर आलं. असा नकाशा आजवर कोणी काढला नव्हता, तो म्हणाला. आमच्या आम्हालाच हे नीट माहीत नव्हतं. परवानगी असेल तर पुलाच्या माहितीपत्रकात लावतो. नकाशेंनी परवानगीचं पत्र तीन प्रतींत तयार केलं. त्या दिवसापासून ते चालताना थोडे मागे रेलून चालू लागले.

आता उरला बाबांचा आवाज. घरात ध्वनिमुद्रण एकही नव्हतं. जो माणूस दिवसभर बोलायचा त्याचं कोण मुद्रण करून ठेवणार? पण बस स्थानकावर बाबांच्याच जुन्या घोषणा अजून वाजत. नकाशे त्या मागायला परिवहन खात्यात गेले, सोबत पुरावा म्हणून बाबांना आणि दुभाषी म्हणून वहिनींना घेऊन.

साहेबांनी फाइलवरून मान वर केली. "आवाज कोणाचा?"

"यांचा," नकाशेंनी बाबांकडे बोट दाखवलं.

"कामावर असताना काढलेला ना? मग खात्याचा. खात्याची मालमत्ता बाहेर देता येत नाही."

"पण साहेब, गळा यांचा होता!"

"गळा त्यांचा. गळ्यातून कामाच्या वेळात निघालं ते खात्याचं." साहेब बाबांना म्हणाले, "काय काका, बरोबर की नाही?"

बाबांनी जे उत्तर दिलं ते साहेबांच्या संपूर्ण घराण्याविषयी होतं.

"ते म्हणतात, आपण नियमाने चालता याचा आनंद वाटला," वहिनी म्हणाल्या.

साहेब विरघळले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "फीत देता येणार नाही. पण फलाट सार्वजनिक आहे. तिथे बसून फोनवर कोणी काही मुद्रित केलं, तर खात्याला कुठे ऐकू येतंय?"

तेव्हापासून रविवारी तिघं फलाटावर बसू लागले. नकाशे कर्ण्याखाली हात उंच करून फोन धरून उभे. वहिनी डबा सांभाळत बाकावर. शेजारी बाबा, ताठ. आधी घंटी व्हायची, टिंग टाँग, आणि मग तो आवाज यायचा. भरदार, स्वच्छ, प्रत्येक अक्षर इस्त्री केल्यासारखं. बाबांचे ओठ त्याच्याबरोबर हलायचे. एकदा शेजारचा प्रवासी वैतागून त्यांनाच म्हणाला, "हा माणूस जन्मात कधी खरं बोललाय का हो? गाडी येतेय, येतेय!" बाबा आणखी ताठ बसले. पण घरी परतताना त्यांनी वहिनींचा हात धरला, एरवी धरायचे नाहीत तसा.

मुद्रण भरपूर झालं. प्रत्येक घोषणेच्या आधी टिंग टाँग होती, आणि सगळ्या गाड्या उशिराने धावत असल्यामुळे प्रत्येक घोषणेच्या शेवटी "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हेही होतं. कोणाच्या हे ध्यानात आलं नाही. गाडी वेळेवर आल्याची एखादी तरी घोषणा मिळवावी, असा विचार या शहरात कोणाच्या मनात येणार?

प्रोग्राम शिकायला बसला. पंखे अहोरात्र फिरले. काकूंचे मोजे संपून चादरी सुरू झाल्या. पहिल्यांदा नुसती खरखर आली. कासवाने पुलाची एक फळी बदलून दिली. मग पाण्याखाली कोणी गुळण्या करतंय असं आलं. आणखी एक फळी. आणि एका सकाळी खणखणीत आवाज आला, "टिंग टाँग."

समोर काकूंनी आपलीच घंटी समजून दार उघडलं, बाहेर कोणी नाही बघून बंद केलं. पुन्हा टिंग टाँग झालं, पुन्हा उघडलं. शेवटी त्या आतच येऊन बसल्या. चहाची वेळ साधून वकीलही उतरले.

"बाबा," नकाशेंनी कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. "बोला. तुम्हाला वाटेल ते. हे लिहून दाखवणं नाही, बोलणं आहे."

बाबांनी बराच वेळ कीबोर्डकडे पाहिलं. मग एक बोट उचललं. वहिनी खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. एकेक अक्षर उमटताना त्यांना दिसत होतं, आणि पहिलं अक्षर 'गा' होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाबांनी शेवटचं बटण दाबलं. पंख्यांनी सूर चढवला. आणि अनेक दिवसांनी त्या घरात बाबांचा आवाज भरला.

"टिंग टाँग. गाढवा, पंखे मोजण्यापेक्षा आधी चौकशी केली असतीस, तर एवढा खटाटोप करावा लागला नसता."

नकाशेंचा चेहरा एखाद्या तंबूचा मधला खांब काढावा तसा खाली आला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"तू तर म्हणालीस, निवड..."

आणि तेवढ्यात, घोषणेत जितका थांबा असतो तितकाच थांबून, तोच आवाज गंभीरपणे म्हणाला, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

नकाशे जागच्या जागी गार झाले. त्यांच्या सगळ्या आयुष्यात बाबांनी त्यांना दिलगीर आहोत म्हटलं नव्हतं. चुकून पायावर पाय पडला तरी "पाय मधे का ठेवतोस" असं म्हणणारा माणूस तो.

"हे तुम्ही टाइप केलंत?" त्यांनी खोल आवाजात विचारलं.

बाबांनाही धक्का बसला होता. त्यांनी मान जोरात हलवली आणि घाईघाईने बोट चालवलं. "टिंग टाँग. मी असलं काही म्हटलेलं नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"अहो, दोनदा म्हणाले!" काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"साक्षीदारांसमोर," वकील म्हणाले.

पण नकाशेंच्या मनातून पहिली गोष्ट गेली नव्हती. ते वहिनींकडे वळले. "म्हणजे ते सगळं... हाताची सफाई, चांगली निवड... ते तू बोलायचीस?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग नकाशेंना एकाएकी काहीतरी सुचलं, आणि ते बाबांकडे वळले. "पण बाबा, तुमचे कान तर चांगले आहेत! ही माझ्यापाशी काय वाट्टेल ते सांगायची, ते तुम्ही समोर बसून ऐकत होतात ना? मग तुम्ही कधी अडवलं का नाहीत?"

वहिनींनी चमकून वर पाहिलं. हे त्यांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या काठीला निषेध समजत आल्या होत्या.

बाबांचं बोट कीबोर्डवर बराच वेळ तरंगलं. मग एकेक अक्षर शोधत खाली आलं.

"टिंग टाँग. ऐकत होतो. मला जमलं नसतं, ते ती बोलत होती. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

वकिलांनी चष्मा काढला. चहा मागितला नाही.

पुढे काही दिवस घर बस स्थानकासारखं वाजत राहिलं. भाजीत मीठ कमी असल्याची घोषणा व्हायची, टॉवेल जागेवर नसल्याची व्हायची, नकाशे आंघोळीला उशिरा गेल्याची तर रोज व्हायची. आणि प्रत्येक घोषणेअंती खानदानी दिलगिरी. नकाशे आतून सुखावायचे आणि वरून म्हणायचे, "किती टोचून बोलतात बघ!"

मग कासवाचं पत्र आलं. दोष सापडला होता. प्रोग्रामच्या शेवटी, वाक्याला चिकटून आलेली घंटी आणि शेपूट कापण्याची एक पायरी होती. बड्या कंपनीच्या कार्डावर ती आपोआप व्हायची. पुलात मात्र ती पायरी अजून लिहिलेलीच नव्हती. प्रोग्रामने विचारलं, की पूल काही न करता "झालं" एवढंच सांगत होता.

"आमच्या कचेरीत असंच चालतं," नकाशे म्हणाले. "पण यांनी आता ती लिहिलीय. एक बटण दाबलं, की बाबा जे टाइप करतील तेवढंच बोललं जाईल. अगदी मूळ कार्डासारखं."

खरं काम झालं, असं त्यांच्या तोंडावर होतं. आणि तोंड जरा उतरलेलंही होतं. त्यांनी बटणाकडे हात नेला. वहिनी काहीतरी म्हणणार होत्या, पण त्यांच्या आधी खुर्चीतून टकटक ऐकू आली.

"टिंग टाँग. गाढवा, चालतंय त्याला हात लावू नकोस. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

नकाशेंनी हात मागे घेतला आणि सवयीने वहिनींकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"ऐकलंत ना," वहिनी म्हणाल्या. "जे म्हणाले तेच म्हणाले."

आणि त्या काकूंच्या चादरीची घडी घालायला लागल्या.